यात तुझं काय? ब्रायन बेकरच्या गिटारबद्दल

दुसऱ्या वर्षाच्या प्रगती-सेमिनारमध्ये मला एका परीक्षकांनी विचारलं, "पेपरवर सहा नावं आहेत, तुझं तिसरं. यात तुझं काय?" मी काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही. जागेवर येऊन बसले तेव्हा कान तापले होते, एवढं आठवतं. प्रश्न खोचक वाटला तरी चुकीचा नव्हता. तुम्ही संशोधनाच्या वाटेवर येताय, तर तो तुम्हालाही विचारला जाणार, आणि "सगळ्यांनी मिळून केलं" हे उत्तर चालणार नाही. आज हाच प्रश्न मी एका गिटारवाल्याला विचारणार आहे. कारण त्याच्या कारकिर्दीत या प्रश्नाचं उत्तर शोधायची एक सोय आहे, जी आपल्याला लॅबमध्ये बरेच महिने खपून तयार करावी लागते.

पंक रॉकशी माझा संबंध आला तो संदर्भसूचीतून, हे सांगून टाकते. माझं काम झाडांना फुलं कधी येतात, ते ठरवणाऱ्या जीन्सवर आहे. त्या विषयात २००३ सालचा ऑकरमन आणि साकाई यांचा पेपर सगळ्यांना वाचावाच लागतो. एक छोटा आरएनए फुलोऱ्याची वेळ कशी ठरवतो, हे त्यात दाखवलंय. लॅबमधल्या एका सिनिअरने सांगितलं, की हा ऑकरमन म्हणजे डिसेंडन्ट्स या कॅलिफोर्नियाच्या पंक बँडचा गायक मायलो. मला थट्टा वाटली. थट्टा नव्हती. मग डिसेंडन्ट्स ऐकले. त्यांचा एक बेसवादक डग कॅरियन पुढे डॅग नॅस्टी नावाच्या बँडमध्ये गेला म्हणून डॅग नॅस्टी ऐकले, आणि तिथे ब्रायन बेकर भेटला. पेपरमधून पेपर शोधत जातो ना आपण, अगदी तसंच.

बेकरचा जन्म १९६५चा. १९८० साली वॉशिंग्टन डीसीमध्ये मायनर थ्रेट सुरू झाला, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. गायक इयन मकाय, ड्रमवर जेफ नेल्सन, गिटारवर लाइल प्रेसलर, आणि बेकर बेसवर. मकाय आणि नेल्सन यांनी काढलेली डिस्कॉर्ड ही रेकॉर्ड कंपनी आजही चालू आहे. १९८३मध्ये बँड संपला. त्यांचं जवळपास सगळं काम नंतर एका सीडीवर आलं: सव्वीस गाणी, मिळून पाऊण तासाच्या आसपास. दारू-सिगारेट-ड्रग्जपासून लांब राहणाऱ्या 'स्ट्रेट एज' तरुणांच्या चळवळीला नाव मिळालं ते यांच्याच एका गाण्यावरून. ते गाणं एक मिनिटाचंही नाही. मधल्या काळात दुसरा बेसवादक आल्यामुळे बेकर गिटारवर गेला, आणि १९८३चा 'आउट ऑफ स्टेप' दोन गिटारांचा झाला. बँड फुटल्यावर द मीटमेनमध्ये काही काळ, मग १९८५मध्ये स्वतःचा डॅग नॅस्टी. मग लॉस एंजेलिसला जाऊन जंकयार्ड हा सरळसरळ हार्ड रॉक बँड, तोही गेफेनसारख्या मोठ्या कंपनीकडे. १९९४पासून बॅड रिलिजन, आणि तिथे तो आजतागायत आहे. मध्ये मध्ये फेक नेम्ससारखे उद्योग वेगळेच.

या यादीकडे बघून एक गोष्ट रचायचा मोह होतो, आणि ती बऱ्याच जणांनी रचली आहे: पोरगा तत्त्वनिष्ठ बँडमध्ये वाढला, मग लांब केस वाढवून पैशाच्या मागे गेला, मग पुन्हा पंककडे परतला. पाप आणि प्रायश्चित्त. ही समीक्षा नाही. हा चारित्र्याचा दाखला झाला. यात गिटार कुठेच ऐकू येत नाही.

जंकयार्डचंच घ्या. १९८९चा त्यांचा पहिला अल्बम टॉम वर्मनने ध्वनिमुद्रित करून घेतला. हा माणूस मोठ्या रेडिओ-रॉकचा अनुभवी कारागीर. बँडमधला दुसरा गिटारवादक ख्रिस गेट्सही टेक्ससच्या बिग बॉइज या पंक बँडमधून आलेला. म्हणजे बेकर एकटाच 'बिघडला' असं नव्हतं, ती एक लाटच होती. अल्बम वाईट नाही. ब्लूजवर बेतलेले रिफ नेटके आहेत, वाजवणं चोख आहे. पण मी तो चार वेळा ऐकला, आणि बेकर कुठला आणि गेट्स कुठला हे मला श्रेयनामावली बघूनही सांगता येत नाही. माझी तक्रार एवढीच आहे, आणि त्या अल्बमबद्दल यापेक्षा कठोर तक्रार मला सुचत नाही. १९९१मध्ये दुसरा अल्बम आला. त्याच सप्टेंबरात गेफेनच्याच डीजीसी या शाखेने निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' काढला, आणि जंकयार्ड ज्या बाजारासाठी तयार होता तो बाजारच उठला.

बरं, मग बेकरचं नेमकं काय, हे शोधायचं कसं? आम्ही जीनचं काम शोधायला तो जीन काढून टाकतो आणि झाडात काय बिघडतं ते बघतो. याला नॉकआउट म्हणतात. मग तोच जीन परत घालतो. बिघाड दुरुस्त झाला तर समजायचं, की काम त्याचंच होतं. एखाद्या बँडमधून माणसं जातात, परत येतात, तेव्हा हा प्रयोग आपोआप घडतो. फक्त तो तुमच्या सोयीने घडत नाही.

बॅड रिलिजनमध्ये तो घडला. ब्रेट गुरेविट्झ हा या बँडचा संस्थापक गिटारवादक, आणि ग्रेग ग्रॅफिनबरोबर मुख्य गीतकार. (ग्रॅफिन गायक, आणि २००३मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून पीएचडी. या बिरादरीत आपली माणसं बरीच निघतात.) १९९४मध्ये गुरेविट्झ बाहेर पडला आणि त्याच्या जागी बेकर आला. 'द ग्रे रेस', 'नो सब्स्टन्स', 'द न्यू अमेरिका' हे १९९६ ते २००० मधले तीन अल्बम गुरेविट्झशिवायचे, बेकरसह. २००१मध्ये गुरेविट्झ परतला, आणि २००२चा 'द प्रोसेस ऑफ बिलीफ' अनेकांना पुन्हा जुन्या ताकदीचा वाटला. मलाही वाटला. नॉकआउट झाला, जीन परत घातला, दुरुस्ती झाली. निष्कर्ष तयार: बेकर हा बदली खेळाडू, खरा माणूस गुरेविट्झ.

पहिल्या मसुद्यात मी असंच लिहिलं होतं. मग श्रेयनामावल्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि लाज वाटली. त्या तीन अल्बमांपैकी पहिल्याचा निर्माता रिक ओकासेक, तिसऱ्याचा टॉड रंडग्रेन. दोघांचे कान पूर्ण वेगळे. आणि २००२मध्ये नुसता गुरेविट्झ परतला नाही. ड्रमर बॉबी शेअरच्या खांद्याला दुखापत झाल्यामुळे तो गेला होता आणि ब्रूक्स वॅकरमन आला होता. बँड अटलांटिक ही मोठी कंपनी सोडून गुरेविट्झच्याच एपिटाफकडे परतला होता. एका वेळी गीतकार, ड्रमर आणि कंपनी असे तीन बदल! 'प्रोसेस'मधल्या ज्या धावेला आपण गुरेविट्झची पुनरागमनाची ऊर्जा म्हणतो, त्यातली निम्मी वॅकरमनच्या पायात आहे असं माझं आताचं मत आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बेकर त्यानंतरही बँडमध्येच राहिला. म्हणजे या प्रयोगात बेकर काढलेलाच नाही, मग त्याच्याबद्दल यातून काय कळणार? तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'क्ष आल्यावर य सुधारलं' अशा अर्थाचं वाक्य असेल, तर त्याच आठवड्यात आणखी काय काय आलं याची यादी करा. परीक्षक करतीलच.

मग स्वच्छ प्रयोग कुठे आहे? डॅग नॅस्टीत आहे, आणि तो बेकरच्या कारकिर्दीतला सर्वांत सुंदर भाग आहे.

डॅग नॅस्टीचा पहिला अल्बम 'कॅन आय से' १९८६मध्ये डिस्कॉर्डवर आला. गायक डेव्ह स्मॉली, बेस रॉजर मारबरी, ड्रम कॉलिन सिअर्स, गिटार बेकर. निर्माता त्याचा मायनर थ्रेटमधला जुना सहकारी मकाय. डीसीच्या हार्डकोरमध्ये आरडाओरड्याच्या जागी गाणं आलं, हळवेपणा आला, आणि तो वेग न सोडता आला, ते दाखवणाऱ्या अल्बमांत याचं नाव घेतलं जातं. याचं श्रेय सहसा स्मॉलीला दिलं जातं: त्याला चाल गाता येत होती, म्हणून बँड सुरेल झाला. पटण्यासारखं आहे. पण स्मॉली हा या बँडचा पहिला गायक नव्हता. त्याच्याआधी शॉन ब्राउन होता, आणि १९८५मध्ये त्याच्यासोबत बँडने बरीचशी हीच गाणी ध्वनिमुद्रित केली होती. ते ध्वनिमुद्रण पंचवीस वर्षं पडून राहिलं. २०१०मध्ये डिस्कॉर्डने ते 'डॅग विथ शॉन' या नावाने काढलं.

काय हातात आलंय ते बघा. तोच गिटारवादक, तोच बेस, तोच ड्रमर, तीच गाणी, आर्लिंग्टनचा तोच इनर इअर स्टुडिओ, निर्माता तोच मकाय. बदलला फक्त गायक. असा कंट्रोल मला माझ्या थिसिसमध्ये मिळाला असता, तर मी एक वर्ष आधी सबमिट केलं असतं.

शीर्षकगीत किंवा 'सर्कल्स' दोन्हींकडून एकामागून एक लावा. ब्राउन गात नाही, तो घसा खरवडतो. त्याच्या ओळींना चाल अशी फारशी नाहीच, आहे तो जोर आणि ठेका. आता आवाजाकडे दुर्लक्ष करून गिटार ऐका. चाल तिथेच आहे, आधीपासून आहे. स्मॉली यायच्या आधीच गिटार गात होती. मला असं ऐकू येतं, की स्मॉलीने सुरेलपणा आणला नाही. गिटारमध्ये होता तो त्याने गळ्यात घेतला. बँडला तेव्हा तोंड मिळालं, हे खरं आहे आणि मोठं आहे. पण सूर आधीचा.

हे बेकरने नेमकं केलं कसं, तेही सांगते, कारण इथे थोडं भौतिकशास्त्र आहे आणि ते मला आवडतं. हार्डकोरची गिटार बहुधा 'पॉवर कॉर्ड'वर चालते: षड्ज आणि पंचम, बस. गंधार नाही. म्हणून ती कॉर्ड धड आनंदीही नसते, धड उदासही नसते. गंधार टाळण्याला कारण आहे. ॲम्प्लिफायर फाडून वाजवला, म्हणजे डिस्टॉर्शन दिलं, की दोन स्वरांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर तयार होतात. पंचमाचं गुणोत्तर ३:२, सप्तकाचं २:१. त्यांच्या बेरजा-वजाबाक्या मूळ स्वराच्या घरातच पडतात, आवाज घट्ट होतो. गिटारच्या पडद्यांवरचा पंचम शुद्ध पंचमापासून जेमतेम दोन सेंट हललेला असतो (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर), पण गंधार तब्बल चौदा सेंट चढा असतो. डिस्टॉर्शनमध्ये तो फरक खरखर होऊन बाहेर येतो. म्हणजे मोठा आवाजही हवा आणि भावही हवा, अशी अडचण असते. बेकर दोन वाटा काढतो. एक, चालीचे स्वर सप्तकाच्या जोडीने वाजवायचे, एकच स्वर वर आणि खाली, मधली तार दाबून बंद. कितीही फाडा, चाल स्वच्छ राहते. दुसरी, मोकळ्या तारा तशाच झणझणत ठेवून त्यांच्याशेजारी बोटं हलवायची, कॉर्ड एकदम न मारता एकेका तारेने उलगडायची. गंधार येतो, पण एकटा येतो, गर्दीत सापडत नाही. आणि डॅग नॅस्टीत दुसरा गिटारवादक नव्हता. मंचावर भिंतही यानेच उभी करायची आणि तिच्यावरची नक्षीही यानेच काढायची. पेटीवाला मुख्य गायक येईपर्यंत स्वतःच गात बसावा, तसं काहीसं.

हा प्रयोग 'चाल गिटारमध्ये होती' हे दाखवतो. 'सगळं बेकरचं होतं' हे दाखवत नाही. दोन्ही ध्वनिमुद्रणांत मारबरी आणि सिअर्सही तेच आहेत, म्हणजे त्यांचा वाटा या तुलनेतून वेगळा काढताच येत नाही. बेकर हवं तिथे भिंत सोडून नक्षीकडे जाऊ शकतो, तो खाली बेस जागा धरून असतो म्हणून. स्थिर ठेवलेल्या गोष्टीबद्दल प्रयोग गप्प असतो. नवीन लोक इथे फार घसरतात, मीही घसरले आहे.

पुढचे अल्बम भराभर सांगते. १९८७चा 'विग आउट ॲट डेंकोज' पीटर कॉर्टनर या तिसऱ्या गायकाबरोबर. इथेच तो डग कॅरियन येतो. अल्बम चांगला, थोडा जास्त गुळगुळीत. १९८८चा 'फील्ड डे' मला सहन होत नाही. सुरेलपणा ही गोष्ट वेगाच्या आणि गोंगाटाच्या विरोधात उभी होती तोवर तिला धार होती. विरोध काढून घेतला आणि नुसती गोड गिटार उरली. आपली खासियत सापडली की माणूस तिची मात्रा वाढवत जातो, आणि आमच्याकडे जीन जास्त प्रमाणात व्यक्त केला की जे होतं तेच इथे होतं: कधीकधी झाडच खुजं राहतं. जंकयार्डची बीजं मला पैशात नाही, या अल्बमात दिसतात. जिथे ढकलायला काही नाही, तिथे बेकर चोख पण अनोळखी होतो.

म्हणूनच १९९४चा निर्णय मला त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत सूचक वाटतो. त्याला तेव्हा आर.ई.एम.च्या दौऱ्यात साथीला वाजवण्याचं बोलावणं होतं. जगातल्या सर्वांत मोठ्या बँडांपैकी एक. तो बॅड रिलिजनमध्ये गेला. याला कोणी निष्ठा म्हणतं. मला त्यात कानाची निवड दिसते. बॅड रिलिजनची गाणी अतिशय वेगवान, शब्दांनी ठासून भरलेली, तिहेरी गायनाची. त्यात गिटारला गायला जागा फार कमी, आणि त्या चार-आठ मात्रांच्या फटीत बेकर जे करतो ते त्या जागेसाठीच बनलेलं असतं. गाणी बहुतेक ग्रॅफिनची किंवा गुरेविट्झची. लेखकांच्या यादीत बेकर मागेच. 'द ग्रे रेस' लावा आणि कडवं संपून पुढचं सुरू होतं त्या जागा फक्त ऐका. गुरेविट्झ परतल्यावर बँडमध्ये तो, ग्रेग हेटसन आणि बेकर अशा तीन गिटार झाल्या. अशा वेळी मोकळी जागा सोडता येणं हेही काम असतं, आणि ते श्रेयनामावलीत लिहायला रकाना नसतो.

फेक नेम्स हा बँड २०१६मध्ये जमला, एपिटाफवर पहिला अल्बम २०२०मध्ये आला. त्यात बेकरबरोबर दुसरी गिटार मायकल हॅम्प्टनची. हॅम्प्टनही डीसीच्या त्याच पिढीतला, एस.ओ.ए. आणि एम्ब्रेसमधला, बेकरचा शाळेपासूनचा मित्र. इथे मला पहिल्यांदा दोन गिटारांतला बेकर डोळे मिटून ओळखता आला. जंकयार्डमध्ये जे चार वेळा ऐकून जमलं नव्हतं, ते पहिल्या फटक्यात जमलं. यात माझा कान मधल्या काळात तयार झाला, हेही एक कारण असू शकतं. मोजणारा बदलला की मोजमाप बदलतं. म्हणून परत जाऊन जंकयार्ड पाचव्यांदा ऐकला. नाही ओळखता आला.

आणि शॉन ब्राउन. पंचवीस वर्षं कपाटात राहिलेल्या त्या आवाजाबरोबर जुने चौघं पुन्हा जमले, इनर इअरमध्येच गेले, आणि २०१६मध्ये डिस्कॉर्डवर त्यांची 'कोल्ड हार्ट' ही छोटी रेकॉर्ड निघाली. कंट्रोलची पुनरावृत्ती, तीस वर्षांनी. 'डॅग विथ शॉन' ऐकून झालं की लगेच ही लावा. ब्राउन अजूनही चाल गात नाही. गिटार पहिल्या काही सेकंदांतच गायला लागते.